'फन होम' प्रथमच हाती घेणाऱ्या बडोदेकर मराठी वाचकांसाठी

बडोद्यातील ज्या मराठी मंडळींनी आजवर ग्राफिक कादंबरी, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेले पुस्तक, हा प्रकार कधी वाचलेला नाही आणि ज्यांच्यापुढे आता मुलीने, भाच्याने किंवा वाचनमंडळातल्या एखाद्या उत्साही सभासदाने 'फन होम' आणून ठेवले आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन चित्रकार-लेखिकेचे हे आत्मकथन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि 'टाइम' साप्ताहिकाने त्या वर्षीच्या पुस्तकांत त्याला पहिले स्थान दिले. सव्वादोनशेच्या आसपास पानांचे हे पुस्तक सराईत वाचक एका बैठकीत संपवू शकतो, आणि पहिल्या वाचनातली अडचणही नेमकी तीच आहे. पुस्तक झटपट संपते, "वडील तसे (म्हणजे समलिंगी) होते, मुलगीही तशीच निघाली" एवढे एक वाक्य हाती लागते आणि मग सगळी चर्चा त्या वाक्याभोवती फिरत राहते. माझ्या मते या पुस्तकाचा ऐवज शब्द आणि चित्र यांच्यामधल्या फटीत आहे. निवेदन एक सांगते, चौकट दुसरेच दाखवते, आणि दोघांची साक्ष तपासण्याचे काम वाचकावर येते. पुढच्या सर्व सूचना त्या एका कामाची तयारी म्हणून वाचाव्यात.

आधी घटनाक्रम जाणून घ्यावा

एरवी कथानक आधी सांगू नये असा शिष्टाचार आहे, परंतु येथे तो पाळण्याचे कारण नाही, कारण वडिलांचा मृत्यू लेखिका स्वतःच पहिल्या प्रकरणात सांगून टाकते आणि पुढची सहा प्रकरणे त्याच घटनेभोवती निरनिराळ्या बाजूंनी फिरते. घटनाक्रम ठाऊक असला की वाचक "पुढे काय झाले" या ओढीतून सुटतो आणि पानावर थांबू शकतो.

बेक्डेल यांचा जन्म १९६० चा. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बीच क्रीक या लहानशा गावात त्या दोन धाकट्या भावांसह वाढल्या. वडील ब्रूस हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि जोडीला घराण्यात चालत आलेला अंत्यविधीचा व्यवसाय सांभाळत. म्हणजे मृतदेह रसायनांनी टिकवून, त्याला कपडे चढवून, आप्तांच्या दर्शनासाठी ठेवण्याचे काम. अशा जागेला इंग्रजीत 'फ्युनरल होम' म्हणतात; घरातल्या मुलांनी त्याचे केलेले 'फन होम' हे लाडके नाव पुस्तकाला मिळाले आहे. आई हेलन याही शिक्षिका होत्या आणि हौशी रंगभूमीवर कसलेल्या अभिनेत्री होत्या. वडिलांचा जीव मात्र एका जुन्या घरात अडकलेला होता. एकोणिसाव्या शतकातले ते घर त्यांनी वर्षानुवर्षे खपून झुंबरे, कोरीव कठडे आणि जुन्या वळणाचे भिंतीचे कागद लावून पूर्वरूपास आणले, आणि मुलांना त्या सजावटीत राबते हात म्हणून वागवले.

ओबरलिन कॉलेजात शिकत असताना ॲलिसन यांनी आपण समलिंगी असल्याचे आईवडिलांना पत्राने कळवले. त्या पत्रावरून आईशी बोलणे झाले तेव्हा आईने सांगितले की वडिलांचेही पुरुषांशी संबंध होते. काही महिन्यांनी आईने घटस्फोट मागितला, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, २ जुलै १९८० रोजी, हमरस्ता ओलांडत असताना ट्रकची धडक बसून वडील मरण पावले. त्यांचे वय ४४ होते. तो अपघात नसून आत्महत्या होती असे लेखिकेला वाटते, परंतु तसा पुरावा तिच्यापाशी नाही, आणि पुस्तकात ती हे लपवतही नाही.

एवढा मजकूर एका कोऱ्या कागदावर सालांसह लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवावा. निवेदन १९८० वरून १९६९ वर आणि तिथून १९७४ वर असे सतत मागेपुढे जाते. कागद जवळ असला की दरवेळी पाने उलटून शोधावे लागत नाही.

भिंतीसमोर उभे राहून सराव

चित्रांतून गोष्ट वाचण्याची सवय आपल्याला नाही असे अनेक ज्येष्ठ वाचक म्हणतात. बडोद्यात राहून असे म्हणणे मला थोडे नवलाचे वाटते. जुन्या शहरातला तांबेकर वाडा एका मराठी दिवाणाचा; त्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकात रंगवलेले महाभारताचे आणि कृष्णकथेचे प्रसंग आजही दिसतात. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. पुस्तक उघडण्यापूर्वी यांपैकी एका ठिकाणी जावे. (वाडा पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे, तेव्हा जाण्याआधी वेळेची चौकशी करावी.) सोबत माहिती सांगणारा कोणी नसल्यास अधिक बरे. एका भिंतीसमोर उभे राहून स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत: एकच व्यक्ती दोनदा कुठे दिसते, त्यांतला आधीचा क्षण कोणता, कोण कोणाकडे पाहत आहे, कोणाची पाठ आपल्याकडे आहे, आणि दारातून किंवा खिडकीतून कोण डोकावत आहे. हेच प्रश्न पुढे पुस्तकाच्या पानाला विचारायचे आहेत.

याच सरावात भूपेन खख्खर यांच्या एका चित्राची छापील प्रत पाहावी, असे मी आग्रहाने सुचवतो. मुंबईत जन्मलेले आणि व्यवसायाने हिशेबनीस असलेले खख्खर साठच्या दशकात बडोद्याला आले आणि अखेरपर्यंत इथलेच होऊन राहिले. १९८१ मध्ये त्यांनी रंगवलेल्या 'यू कान्ट प्लीज ऑल' या चित्रात एक नग्न पुरुष सज्जात पाठमोरा उभा आहे आणि समोर बाप, मुलगा व गाढव यांची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट एकाच दृश्यात अनेक टप्प्यांनी घडत आहे. आपला समलिंगी कल खख्खरांनी या चित्राने उघड मांडला, असे मानले जाते. आज ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाच्या संग्रहात आहे. खख्खर १९३४ चे आणि ब्रूस बेक्डेल १९३६ चे. दोघे जवळजवळ समवयस्क, दोघांनाही सजावटीची आणि रंगांची ओढ. एकाने चाळिशी उलटल्यावर सज्जात उभे राहायचे ठरवले, दुसऱ्याने आपले घर अधिकाधिक सजवत नेले. या दोघांची तुलना पुस्तकात अर्थातच नाही. ती बडोद्याच्या वाचकाच्या पदरची आहे, आणि तिचा उपयोग होतो.

पहिले प्रकरण दोनदा

आता पुस्तकाकडे वळावे. पहिले प्रकरण आधी केवळ चित्रे पाहत उलटावे आणि शब्दांकडे जाणीवपूर्वक दुर्लक्ष करावे. वडील उताणे पडून पायांवर मुलीला विमानासारखे तोलतात, तिथून सुरुवात होते. मग घर, झुंबर, कुदळ-फावडे, आरसे पुसणारी मुले. हे पाहून झाले की वडिलांविषयी आपले काय मत झाले, ते दोन ओळींत लिहावे. मग तेच प्रकरण शब्दांसह वाचावे. बहुतेकांचे मत बदलते, आणि कुठल्या पानावर बदलले ते पाहणे हा खरा पाठ आहे.

शब्द वाचताना त्यांचे तीन थर वेगळे ओळखावेत. चौकटीच्या वर किंवा मध्ये येणारे निवेदन हे चाळिशीतल्या लेखिकेचे आहे; ते तोलूनमापून, काहीसे थंड आणि पुष्कळदा विनोदी आहे. फुग्यांतले संवाद त्या त्या वेळचे आहेत आणि ते बहुधा क्षुल्लक असतात: हे उचल, ते नीट धर, चल लवकर. तिसरा थर म्हणजे चित्रातल्या वस्तूंकडे बाण दाखवून केलेल्या बारीक नोंदी, ज्या घाईत हमखास सुटतात. हे तीन थर एकत्र चालत नाहीत. पहिल्याच प्रकरणात कुटुंब रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांत दिसते, चर्चमध्ये ओळीने बसते, आणि त्याच वेळी निवेदन असा प्रश्न टाकते की आदर्श पती आणि पिता म्हणवणारा मनुष्य किशोरवयीन मुलांशी संबंध ठेवील काय. चित्रात तसे काहीही नाही. चित्रात नीटनेटके कुटुंब आहे. वाचकाने त्या पानावर थांबून दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांपुढे धराव्यात, कारण त्या घरातल्या मुलांनाही नेमके तेवढेच दिसत होते जेवढे चित्रात आहे.

दुसऱ्या प्रकरणात उलट प्रकार आढळतो, कारण तिथे चित्र बोलके आहे आणि शब्द अंग चोरतात. मृतदेहावर प्रक्रिया करण्याच्या खोलीत वडील लहान मुलीला हाक मारतात आणि कात्री मागतात. टेबलावर छाती उघडलेला नग्न पुरुषदेह आहे. मुलगी चेहऱ्यावर काही न दाखवता कात्री देते आणि निघून जाते. वडिलांना खरोखर कात्री हवी होती, की मुलीची परीक्षा पाहायची होती, हे लेखिकेला आजही उमगलेले नाही. याच प्रकरणात वडिलांच्या मृत्यूनंतर घरी आलेली ॲलिसन आणि तिचा धाकटा भाऊ एकमेकांना पाहून हसू आवरू शकत नाहीत. सुतकाच्या घरात असे हसू आपल्याकडेही कोणाकोणाला आलेले असते आणि त्याची वाच्यता कोणी करत नाही; म्हणून या चौकटीवर वाचनमंडळात कोणी तरी नक्की बोलते.

रेघ कोणत्या हाताची आहे हे पाहावे

पुस्तक काळ्या रेषेत आणि राखाडी-हिरवट छटेच्या एकाच शाईत आहे. अन्य रंग नाही, त्यामुळे नजर रेघेवर राहते. थोडे निरखून पाहिले की दोन प्रकारची रेघ दिसते. प्रसंग सोप्या, मोकळ्या रेघेत काढलेले आहेत, आणि प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी येणारे छायाचित्र मात्र एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांनी, छायाप्रकाशासह, हुबेहूब उतरवलेले आहे. आठवण आणि पुरावा यांतला फरक लेखिकेने असा हातानेच केला आहे. वडिलांची पत्रे, रोजनिशीची पाने, शब्दकोशातल्या नोंदी, नकाशे हे सर्व तिने छापून चिकटवलेले नसून पुन्हा हाताने रेखाटलेले आहे, वडिलांच्या अक्षराच्या वळणासह. पुस्तकाला सात वर्षे लागली, आणि एकेका चौकटीसाठी ती स्वतः त्या त्या पात्राच्या पवित्र्यात उभी राहून छायाचित्र काढून घेत असे. म्हणजे मृत वडिलांच्या प्रत्येक हालचालीत आधी मुलीचे शरीर उभे राहिले आहे. हे ठाऊक झाल्यावर वडिलांची चित्रे पूर्वीसारखी दिसत नाहीत.

पुरावा किती विश्वासार्ह, हा प्रश्नही पुस्तक स्वतःवरच उलटवते. दहाव्या वर्षी ॲलिसन रोजनिशी लिहू लागते आणि थोड्याच दिवसांत प्रत्येक वाक्यामागे बारीक अक्षरांत "मला वाटते" असे घालू लागते, कारण लिहिले ते खरोखर तसेच घडले याची तिला खात्री देववत नाही. पुढे त्या शब्दांची एक टोपीसारखी खूण होते आणि मग ती खूण पूर्ण पानावर आडवी पसरते. इतकी शंकेखोर मुलगी मोठेपणी आत्मचरित्र लिहिते, तेव्हा तिच्या निवेदनातले "असावे" आणि "कदाचित" हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करत वाचावे. पुस्तक उसने आणलेले असल्यास वही वापरावी.

मधले पान

चौथ्या प्रकरणात, पुस्तकाच्या बरोबर मध्यावर, समोरासमोरची दोन पाने मिळून एकच चित्र आहे. लेखिकेचा डावा हात एक छायाचित्र धरून आहे. छायाचित्रात एक तरुण अंतर्वस्त्रांत, हॉटेलच्या पलंगावर पहुडलेला दिसतो; तो अंगणातल्या कामाला आणि मुलांवर लक्ष ठेवायला येणारा मुलगा आहे आणि वडील ज्या सहलीला मुलांना घेऊन गेले होते, त्याच सहलीतले हे छायाचित्र आहे. काठावर छापलेल्या तारखेतले साल शाईने खोडण्याचा प्रयत्न झालेला आहे, आणि तोही अर्धवट. हे छायाचित्र वडिलांच्या मृत्यूनंतर ज्या पाकिटात सापडले, त्यावर त्यांच्याच अक्षरात "कुटुंब" असे लिहिलेले होते.

या पानापाशी घाई करू नये. निवेदनाचे तुकडे छायाचित्राभोवती विखुरलेले आहेत आणि कोणता आधी वाचायचा हे निश्चित नाही. लेखिका चिडत नाही; छायाचित्राचे सौंदर्य तिला जाणवते आणि ते जाणवल्याचे ती मान्य करते, आणि वाचकाला अवघडल्यासारखे होते ते त्यामुळे. ज्यांना इथे पुस्तक मिटावेसे वाटेल त्यांनी मिटावे आणि दुसऱ्या दिवशी पुढे जावे. परंतु हे पान वगळून पुढचे वाचू नये, कारण पुढच्या प्रत्येक कौटुंबिक प्रसंगात हे पाकीट वाचकाच्या हाती असणे आवश्यक आहे.

याच प्रकरणात एक लहानसा प्रसंग आहे, जो मला मधल्या पानाइतकाच मोलाचा वाटतो. वडिलांबरोबर एका खाणावळीत बसलेली लहान ॲलिसन पुरुषी पोशाखातली, आखूड केसांची, माल पोहोचवायला आलेली एक स्त्री पाहते, आणि परक्या देशात आपल्या गावचे माणूस अचानक भेटावे तसे तिला होते. वडीलही तिच्याकडे पाहतात आणि मुलीला विचारतात, तुला असे दिसायचे आहे का? मुलगी "नाही" म्हणते. दोघांनी एकाच क्षणी एकच गोष्ट ओळखली आहे.

साहित्यातल्या संदर्भांना भिऊ नये

वडील इंग्रजीचे शिक्षक, आई नटी आणि मुलगी वाचनवेडी, त्यामुळे पुस्तकात जॉइस, प्रूस्त, कामू, फिट्झजेराल्ड, वाइल्ड, कोलेत अशी नावे सतत येतात. ही सर्व मंडळी वाचलेली असण्याची गरज नाही. तीन गोष्टी माहीत असल्या की काम भागते. ग्रीक कथेतला डीडलस हा कुशल कारागीर. त्याने मेणाने चिकटवलेले पंख लावून मुलगा इकारस उडाला, सूर्याच्या फार जवळ गेला आणि समुद्रात पडला. येथे पडणारा बाप आहे, हे लक्षात ठेवावे. ओडिसियस अनेक वर्षांनी घरी परततो आणि बापलेकांची भेट होते, ही दुसरी गोष्ट. आणि तिसरी म्हणजे ऑस्कर वाइल्ड: त्याचे सर्वांत हसवणारे नाटक १८९५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी समलिंगी संबंधांच्या आरोपावरून त्याला सक्तमजुरीची शिक्षा झाली. १९७४ च्या उन्हाळ्यात आई त्याच नाटकात काम करत असते आणि वडिलांवर मात्र खटला उभा राहतो.

माझे मत विचाराल तर काही ठिकाणी हे संदर्भ जड झाले आहेत, आणि पाचव्या प्रकरणापर्यंत येता येता वाचकाला त्यांचा थोडा शीणही येतो. परंतु त्या घरात थेट बोलण्याची सोयच नव्हती. बाप मुलीला पुस्तक देतो, मुलगी ते वाचते, आणि दोघे पुस्तकाविषयी बोलतात.

कल आणि वर्तन वेगळे धरावेत

ही पायरी वाचनमंडळात सर्वाधिक चुकते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पुस्तकात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत: वडिलांचा समलिंगी कल, आणि आपल्या अधिकाराखालच्या किशोरवयीन मुलांशी त्यांचे वर्तन. पहिली गोष्ट दोषाची नाही. दुसरी आहे, आणि ती मुलांऐवजी मुलींच्या बाबतीत असती तरी तितकीच असती. एका अल्पवयीन मुलाला बिअर दिल्याचा आरोप त्यांच्यावर येतो आणि सहा महिने समुपदेशन घ्यावे या अटीवर प्रकरण मिटते. आरोपाच्या त्या शब्दांत खरी बाब कुठेच नाही, हे निवेदन दाखवून देते. दोन्ही गोष्टींची सरमिसळ केली की एक तर सर्व समलिंगी माणसांवर ठपका येतो, किंवा सहानुभूतीच्या भरात त्या मुलांचे काय झाले हा प्रश्नच पुसला जातो. लेखिका स्वतः दोन्हीकडे ओढली जाते आणि ते लपवत नाही.

कायद्याची आणि वैद्यकाची पार्श्वभूमी ठेवली की ब्रूस यांचे दडपण समजते. मानसोपचाराच्या गोष्टीवरून ते मुलीला सांगतात की मी वाईट आहे, तुझ्यासारखा चांगला नाही. हा काळ १९७४ च्या आसपासचा, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता ही विकारांच्या यादीतून १९७३ च्या डिसेंबरात काढली. पेनसिल्व्हेनियात प्रौढांमधील परस्परसंमतीच्या अशा संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रद्द केला, म्हणजे ब्रूस ज्या वर्षी गेले त्याच वर्षी. आपल्याकडे तेवढाच निर्णय ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला. बापलेकीमधले अंतर एका पिढीचे असले तरी त्या पिढीत पायाखालची जमीन किती सरकली होती, हे या सालांवरून कळते. बाप लपला म्हणून भित्रा आणि मुलगी बोलली म्हणून शूर, असा निवाडा त्यानंतर सहजी करवत नाही.

चोवीस चौकटी

शेवटच्या प्रकरणात बापलेक मोटारीतून सिनेमाला निघतात. येथे पानाची रचना अचानक बदलते. एका पानावर बारा आणि समोरच्या पानावर बारा अशा चोवीस सारख्या लहान चौकटी, सर्वांत तेच दोन चेहरे, बाजूने पाहिलेले, बाहेर अंधार. पूर्ण पुस्तकात असे दुसरे पान नाही. वडील हळूहळू दोनचार वाक्ये बोलतात: तरुणपणाबद्दल थोडे, आणि मग लहानपणी मुलगी व्हावेसे वाटे, मुलींचे कपडे घालत असे. मुलगी उसळून म्हणते, मलाही मुलगा व्हावेसे वाटे, आठवते का? वडील उत्तर देत नाहीत. काही चौकटी निःशब्द आहेत.

या दोन पानांना प्रत्येक चौकटीसाठी एक श्वास इतका वेळ द्यावा. निःशब्द चौकटी ओलांडून फुग्यावरून फुग्यावर उडी मारली तर हा संवाद अर्ध्या मिनिटात संपतो आणि "शेवटी बोलले एकदाचे" असे वाटते. नीट वाचले तर कळते की ते पुरेसे बोललेच नाहीत, आणि उपलब्ध वेळ तेवढाच होता. पुस्तकाच्या अखेरच्या पानावर वरती ट्रकचा दर्शनी भाग आहे आणि खाली पोहण्याच्या तलावात उभे असलेले वडील. त्यांच्याकडे उडी घेणारी लहान मुलगी हवेत आहे. काळाच्या हिशेबाने खालचे चित्र वरच्याच्या कितीतरी आधीचे आहे. क्रम लेखिकेने निवडला आहे, आणि तो का निवडला असावा यावर वाचनमंडळाची एक संपूर्ण बैठक खर्ची घालण्यास हरकत नाही.

मंडळात वाचताना

बडोद्यातल्या बऱ्याच वाचनमंडळांत तीन पिढ्या एकत्र बसतात आणि इंग्रजीची सवय सर्वांना सारखी नसते. अशा वेळी एकाने पुस्तक सर्वांना दिसेल असे धरावे, आधी मिनिटभर कोणी काही बोलू नये, आणि मग निवेदनाचे मराठी तोंडी सांगावे. उलट क्रमाने केले, म्हणजे आधी अर्थ सांगून मग चित्र दाखवले, तर चित्र केवळ सजावट होऊन बसते. पानांची छायाचित्रे काढून व्हॉट्सॲपवर पाठवण्याचा मोह टाळावा. त्यात लेखिकेच्या हक्काचा भंग आहेच, शिवाय सुटी पडलेली चौकट भलत्याच अर्थाने फिरते. पुस्तकात काही उघड शृंगाराच्या आणि नग्न देहांच्या चौकटी आहेत. हे आधीच सर्वांना सांगावे, म्हणजे एखाद्या काकूंना ऐन बैठकीत पान झाकावे लागणार नाही आणि शाळकरी नातवंडे कुठे बसतील हेही ठरवता येईल. माझ्या मते ते पुस्तक पंधरा-सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही.

चर्चेत घरातल्या किंवा ओळखीतल्या कोणाचे उदाहरण देऊ नये, मग ते किती का कौतुकाने असेना. "आमच्या त्या अमक्याचा मुलगाही…" असे वाक्य सुरू झाले की सूत्रधाराने नम्रपणे चर्चा पुस्तकावर आणावी, कारण ज्याच्याविषयी बोलले जाते त्याने ते सांगण्याची परवानगी दिलेली नसते. खोलीत बसलेल्यांपैकी कोणी स्वतः समलिंगी असू शकते आणि आपल्याविषयी काय बोलले जाते ते ऐकत असू शकते; कोणालाही तसे विचारू नये, आणि कोणी आपणहून सांगितलेच तर ते त्या खोलीबाहेर नेऊ नये. मुलीचे पत्र वाचून आईवडिलांनी काय करायला हवे होते, हा प्रश्न मात्र जरूर घ्यावा. तो विचारला की ज्येष्ठ मंडळी बोलू लागतात, आणि त्यांचे बोलणे तरुणांनी अपेक्षिलेले असते तसे क्वचितच निघते.

बैठका तीन ठेवाव्यात: पहिल्या तीन प्रकरणांची एक, केवळ चौथ्याची एक आणि उरलेल्या तिन्हींची एक. दोन बैठकांमध्ये निदान आठवडा जाऊ द्यावा. या पुस्तकावरून झालेले संगीत नाटक ब्रॉडवेवर २०१५ मध्ये आले आणि त्याला सर्वोत्तम संगीत नाटकासह पाच टोनी पुरस्कार मिळाले; त्याची गाणी ऐकायची असल्यास तिसऱ्या बैठकीनंतरच ऐकावीत, कारण गाणे मनातले बोलून टाकते आणि पुस्तकातली माणसे तेच टाळत असतात. आईविषयी बेक्डेल यांनी २०१२ मध्ये वेगळे पुस्तक केले आहे. त्यात मनोविश्लेषणाची चर्चा पुष्कळ आहे, म्हणून ते लगेच हाती घेण्यापेक्षा 'फन होम'च एकदा पुन्हा, यावेळी आईकडे लक्ष ठेवून वाचावे. ती बहुतेक चौकटींत काही ना काही काम करत, पाठमोरी किंवा काठाशी आहे.